अक्काचा गोड आवाज

माझ्या पदाचं नाव एवढं लांब आहे, की कंधारच्या स्टँडवर बसमध्ये बसून सांगायला लागलो तर लोहा येईपर्यंत संपत नाही आणि कंडक्टर त्या नावाचं वेगळं अर्धं तिकीट फाडतो. आधी 'सीनियर' येतं, मग 'बिझनेस डेव्हलपमेंट', मग 'स्ट्रॅटेजिक' नावाचा घाट लागतो, घाट चढून गेलं की 'एआय', आणि पार दम लागल्यावर 'पार्टनरशिप्स'. आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, हे सगळं एकदाच शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तंबाखू मळत विचारलं, "म्हंजे सोयरिकी जमवतोस?"

हाव. सोयरिकीच. एका बाजूला मशीन असलेली बंगळूरची कंपनी, दुसऱ्या बाजूला माणसं असलेली कुठलीतरी संस्था. कंपनीला माणसं पाहिजेत, संस्थेला मशीन पाहिजे आणि मधे मी. मशीनचे दोष झाकायचे, संस्थेचं वय चोरायचं आणि सुपारी फुटेपर्यंत दोन्ही मांडवांत जेवायचं. खोटं बोलणं हे आमच्या धंद्यात पाप नाही, तो शिधा आहे. आणि माझ्याकडं तो जन्मापासून कणगी भरून. गावात म्हणायचे, हा 'सकाळ झाली' म्हणाला तर आधी बाहेर जाऊन सूर्य बघून यावं, मग दात घासावेत.

गेल्या वर्षभर मी लातूरच्या एका क्लासची सोयरीक जमवत होतो. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांचा क्लास. लातुरात अशी पोरं एवढी, की रस्त्यात ठेच लागून पडलात तर उठायच्या आत चार जण तुमच्या मोडलेल्या हाडाचं लॅटिन नाव सांगतात. हाड बसवणारा मात्र आणखी काही वर्षांनी तयार होणार असतो. क्लासचे संचालक उदगीरच्या व्यापारी घरातले. कपाळाला भस्माचे पट्टे, बोलण्याआधी 'शरणार्थ' असा नमस्कार, आणि पुढचं बोलणं तुरीच्या भावासारखं, दर वेळी वेगळं. मला म्हणायचे, "साहेब, आमच्या वडलांनी जन्मभर डाळ निवडली, मी पोरं निवडून राहिलो. खडा कुठं लागंल सांगता येत न्हाई."

आमचं मशीन काय करायचं, तर आई-बापाचा आवाज काढायचं. मुदखेडची, बिलोलीची, कंधारची पोरं लातुरात खोल्या करून राहतात. संध्याकाळी त्यांना घरचा फोन पाहिजे असतो. पण आई-बाप तेव्हा रानात असतात, नाहीतर रेंजच्या शोधात माळवदावर. म्हणून आई-बापांनी एकदाच एक उतारा वाचून द्यायचा. मशीन तो आवाज शिकून घेणार आणि रोज संध्याकाळी पोराला त्याच आवाजात फोन करणार. नुसता फोन नाही, पोरगं बोललं तर उत्तरसुद्धा देणार. पोरांना सांगितलेलं असायचं, की हा मशीनचा फोन आहे. तरी ती ऐकायची. मी कंपनीला लिहिलं होतं, की या फोननं पोरं रडायची थांबली. प्रत्यक्षात काही जास्त रडायला लागली होती, पण ते मी 'भावनिक जोड वाढली' या खात्यात टाकलं.

पालकांची आवाज-नोंद झाली त्या दिवशी आमची अक्का, म्हणजे ती थोरली बहीण, हीही कंधारहून आली होती. तिची पोरगी, माझी भाची, त्याच क्लासात. बंगळूरहून आलेला उतारा असा होता : 'बाळा, तू जेवलीस का? स्वतःची काळजी घे. आम्हाला तुझा अभिमान आहे.' अक्कानं तो वाचला आणि फोन माझ्या हातात देत म्हणाली, "हे कोण बया बोलती रे? आमच्याकडं पूजेत देवाला बी कुणी एवढं गोड बोलत न्हाई."

खरंच होतं ते. अक्काचा खरा फोन मी हजारदा ऐकलाय. "जेवलीस का गं सटवे? का मरायला टेकलीस? पुस्तक उघडलंस का नुसतं उशाला घेऊन राहिलीस?" एवढं झालं की पलीकडून पोरगी खिदळायची आणि दोघींची संध्याकाळ बरी जायची. अक्काच्या शिव्या म्हणजे आमच्या घरातलं मीठ. ती एकदा ओरडली की कंधारच्या किल्ल्यावरची वानरं दोन पिढ्या खाली उतरत नाहीत. हे मी वाढवून सांगत नाही, वानरांना विचारा.

त्यानंतर काही महिन्यांनी अक्काच्या गळ्यात गाठ निघाली.

नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, गाठ तपासायला पाठवू, रिपोर्टला महिनाभर लागेल, आणि आवाजाचं आत्ता काही सांगता येत नाही. राहील, जाईल, जाऊन परत येईल. पोरीची परीक्षा तोंडावर होती. ऑपरेशनला आत नेताना अक्का दाजींचा आणि माझा हात धरून शेवटचं वाक्य बोलली ते असं : "परीक्षा होईस्तोवर पोरीला कळू द्याल तर माझं मढं बघाल."

यात नवल काही नाही. आमच्याकडं ही रीतच आहे. वाईट बातमी कुणी सरळ सांगत नाही. आजोबा गेले तर नातवाला फोन जातो, 'तब्येत जरा नरम आहे, सावकाश निघून ये.' पोरगं सावकाश निघून येतं तर अंगणात माणसं बसलेली. आणि परीक्षेचं लेकरू असेल तर तेवढंही नाही; लातुरात शिकणाऱ्या पोरांना घरचे मेलेले आजोबा निकालापर्यंत जिवंत ठेवायची पद्धत आहे. माझ्या ओळखीतला एक आजोबा असा तीन परीक्षा जगला.

ऑपरेशन झालं. अक्का वाचली, आवाज गेला. गळ्याला पट्टी, पट्टीतून नळी. पहिल्या संध्याकाळी दाजींनी पोरीला सांगितलं, आई लग्नाला गेलीय. दुसऱ्या संध्याकाळी सांगितलं, रेंज नाही. तिसऱ्या संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात त्यांनी मला धरलं.

"तुझं ते मशीन तुझ्या अक्कासारखं बोलतंय ना?"

"बोलतंय."

"मग आईच्या नंबरावरून लावता येईल का? मशीनचा हाय म्हणून न सांगता?"

येत होतं. कंपनीत अशा गोष्टीला परवानगी नव्हती, पण जमवणं हेच माझं पद. मी ते जमवलं. त्या संध्याकाळी अक्काच्या नंबरावरून लातूरला फोन गेला. अक्का पलंगावर मुकी पडलेली आणि जिन्यात माझ्या फोनमधून तिचाच आवाज, दुधात साखर घातल्यासारखा : "बाळा, तू जेवलीस का? मी बरी आहे. तू स्वतःची काळजी घे."

पलीकडं पोरगी नेहमीसारखी खिदळली नाही. नुसतं म्हणाली, "हाव आई. मी बी बरी हाय."

दाजींनी डोळे पुसले. "जमलं रे," म्हणाले.

त्यानंतर दर आठवड्याला मी नांदेडहून लातूरला जायचो. एका हातात कराराचा मसुदा, दुसऱ्या हातात पोरीचा डबा. ती दारात यायची आणि एकच विचारायची, "आई बरी हाय का?" मी सांगायचो, "ठणठणीत! परवा शेजारणीशी अशी भांडली, की शेजारीण आता बिलोलीला राहायला गेली." पूर्वी अशा थापेवर ती पोट धरून हसायची. आता नुसतं "हाव" म्हणायची. मागच्या वेळचा डबा परत द्यायची, तो जड लागायचा. मी उघडून बघायचो तर धपाटे तसेच, वाळून कडक. विचारलं तर म्हणायची, "जेवले की मामा. बाहेर जेवले." मला वाटायचं परीक्षेचं टेन्शन.

मग सुपारी फुटायचा दिवस आला. बंगळूरहून आमच्या वरच्या बाई आल्या. क्लासच्या हॉलमध्ये दुपारी पालक बसवले, स्टेजवर दोन भोंगे लावले. मी आधी भाषण केलं. मी म्हणालो, आज आवाज आहे, पुढच्या वर्षी चेहरा येईल, फोनवर आई दिसेलसुद्धा आणि खरी कोणती हे बापालाही कळणार नाही. टाळ्या पडल्या. मग एका पोराला त्याच्या आईचा फोन सगळ्यांसमोर लावून दाखवायचा होता. मी त्यासाठी मुदखेडचं एक गुणी पोरगं पढवून ठेवलं होतं. पण संचालक माइकवर उठले. "साहेबांची भाची आपल्याच क्लासात हाय. घरचं लेकरू असताना दुसरं कशाला? ये गं माय."

मी मानेनं नको नको म्हणत होतो. ते त्यांनी विनय समजून घेतलं.

पोरगी स्टेजवर आली. वाळली होती, हे मला त्या भोंग्यांच्या मधोमध उभी राहिल्यावर दिसलं. फोन लागला. अक्काचा आवाज हॉलभर पसरला. "बाळा, मी आई बोलतेय. कशी आहेस?"

पोरगी म्हणाली, "आई, मी कालपासून जेवले न्हाई."

"असं करू नकोस बाळा. वेळेवर जेवणं तुझ्या तब्येतीसाठी गरजेचं आहे."

"चाचणीचा पेपर कोरा देऊन आले. मुद्दाम."

"काही हरकत नाही. तू प्रयत्न केलास, आम्हाला तुझा अभिमान आहे."

वरच्या बाईंनी रुमाल काढून डोळ्याला लावला. मराठी त्यांना येत नव्हतं, पण सूर कळत होता. बाकी हॉल मात्र समोर मशीन आहे हे विसरून थंड पडला. मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, पण शांततेत ते सगळ्यांनी ऐकलं : "अगं माय, हिच्या आईला काय झालंय?" दुसरी म्हणाली, "लई जड दिसतंय. पोरगी कोरा पेपर देऊन आली आन् आई अशी बोलती?" कुणीतरी च्-च् केलं. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

पोरीनं फोन तोंडाजवळ घेतला. "आई, एक शिवी दे."

भोंगे जरा खरखरले. "क्षमस्व बाळा. मी तसे शब्द वापरू शकत नाही. आपण अभ्यासाबद्दल बोलूया का?"

पोरीनं फोन टेबलावर ठेवला, स्टेजवरून उतरली, माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "मामा, गाडी काढ."

लातूर ते नांदेड हा रस्ता मी एवढ्या वेळा केलाय, की त्यातले खड्डे मला नावानं हाक मारतात. पण त्या दिवशीचा रस्ता मला सोडून कुणालाही घडू नये. ती मागं बसली होती. चाकूर गेल्यावर तिनं विचारलं, "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. आई गोड बोलली तेव्हाच. म्हणलं, तुम्ही लपवून राहिलाय तर परीक्षेपुरतं मी बी कळलंय ते लपवावं. आता सांग. आई हाय का?"

"हाय."

"शपथ?"

"तुझी शपथ."

"माझी शपथ घेऊन तू सांगितलं होतंस, की तुझ्या हापिसाच्या लिफ्टला पासपोर्ट लागतो."

मी आरसा नीट केला. मग म्हणालो, "अगं, तब्येत जरा नरम होती. छोटं ऑपरेशन झालं. आता बरी आहे."

तोंडातून बाहेर पडल्यावर मलाच ते ऐकू आलं. ती म्हणाली, "आजोबाच्या वेळी बाबा असंच म्हणले होते. शब्दाला शब्द."

आमच्याकडं 'बरी आहे' याचा जेवढा साठा होता तेवढा मेलेल्यांवर खर्च झालेला. जिवंत माणसासाठी वाक्यच शिल्लक नाही. मी गाडी बाजूला घेतली आणि दाजींना फोन लावून तिच्या हातात दिला. दाजींनी जन्मात तिला 'ए घोडे' याखेरीज हाक मारलेली नाही. घाबरून त्यांच्या तोंडून निघालं, "ये बाळा. सावकाश ये. काही न्हाई झालं."

तिनं फोन मला परत दिला. तिचा चेहरा आरशात बघवत नव्हता.

अहमदपूरजवळ मला सुचलं, व्हिडिओ लावू. अक्काला दाखवू. दाजींनी फोन अक्कासमोर धरला. पडद्यावर गळ्याला पट्टी बांधलेली अक्का दिसली, अस्पष्ट, तोंड हलतंय, आवाज नाही. पोरीनं एकदा बघितलं आणि फोन पालथा घातला.

"ते बी बनवता येतं. आत्ताच तू स्टेजवर म्हणलास."

"ते पुढच्या वर्षी गं!"

"तू एक सांगतोस, असतं अर्धं. न्हाईतर दुप्पट. मला काय माहीत आज कोणतं हाय."

लोह्याला चहाला थांबलो. ती उतरली नाही. तेवढ्यात वरच्या बाईंचा फोन आला, गाडीतल्या स्पीकरवर. त्या इंग्रजीत सांगत होत्या, की हे त्यांनी पाहिलेलं सगळ्यात हृदयस्पर्शी सादरीकरण होतं आणि मुलीच्या आईला आमच्या वतीनं धन्यवाद द्या. इंग्रजी पोरीला चांगलं येतं. मी फोन बंद केला. पुढं गोदावरीचा पूल येईपर्यंत मी, ज्यानं एका थापेत कर्नाटकाची सीमा इकडची तिकडं केली असती, तो मनातल्या मनात एक साधं खरं वाक्य शोधत होतो, जे ऐकून पोरीला खरं वाटेल. नव्हतं.

दवाखान्याचा जिना ती माझ्यापुढं चढली, पण वर जाऊन दाराशी थांबली. आत जाईना. मी बाजूनं आत डोकावलो. अक्का उशीला टेकून बसली होती. तिनं आधी मला बघितलं, मग माझ्यामागं पोरीला. डोळे एवढे मोठे केले, की पट्टी ताणली. मग परीक्षेचा अभ्यास टाकून पोरगी इथं कशी, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं पाची बोटं पसरून स्वतःच्या कपाळावर मारून घेतली. पलंगाखाली वाकून चप्पल शोधली, ती मिळेना, मग टेबलावरचा स्टीलचा पेला उचलला आणि माझ्यावर फेकला. पेला खांद्याला लागला. त्यात पाणी होतं, तेही लागलं.

पोरगी म्हणाली, "हाय. आई हाय." आणि दारातच खाली बसून मोठ्यानं रडायला लागली. अक्कानं तिला हातानं जवळ बोलावलं, पाठीत एक धपका घातला, मग हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडून बघितला, गालाची हाडं चाचपली आणि दुसरा धपका घातला, पहिल्यापेक्षा जोरात. माझ्याकडं बोट करून हाताची कसलीशी मुद्रा केली. पोरीनं नाक पुसत सांगितलं, "आई म्हणती, मुडदा बशिवला तुझ्या मशीनचा." अक्कानं मान डोलावली. बरोबर आहे म्हणून. मग दोघींनी मिळून मला धुतलं. एकीची बोटं, दुसरीचं तोंड.

संध्याकाळी संचालकांचा फोन आला. "शरणार्थ. अक्का कशा हायत? जिवंत हायत ना? बरं झालं. सही करतो मी साहेब, पण एक दुरुस्ती करा. शिव्या बसवा मशीनमध्ये. त्याबिगर आमचे पालक घ्यायचे न्हाईत." मी कळवतो म्हणालो. अजून कळवलेलं नाही. मी कंपनीला अक्काचा आवाज पुसून टाका असं लिहायला घेतलं होतं. ते लिहिलं तर परवानगीबाहेर काय काय झालं तेही लिहावं लागेल आणि माझं लांबलचक पद तिथंच आखूड होईल. पण थांबलो ते पदासाठी नाही. दाजींनी जिन्यात पुन्हा धरलं होतं. "पुसू नको रे. गोड तर गोड. रिपोर्ट येऊ दे आधी." आणि तंबाखूची डबी उघडून, न मळताच बंद केली.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी आला. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडं शिकलेले, बोलायला फार गोड. कागद हातात घेऊन ते पलंगाशी आले. अक्का, दाजी, पोरगी, मी, सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. ते हसले आणि म्हणाले, "काळजी करण्यासारखं काही नाही, मावशी. आपण सगळं नीट करू."

दाजी भिंतीला टेकले. अक्कानं पोरीचा हात घट्ट धरला. मी मान खाली घातली. हा सूर मला पाठ होता.

पोरगी उठून डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "रागावून सांगा."

डॉक्टरांना कळलं नाही. ते आणखी गोड हसले.